खुराड्यावरचा भोंगा

४ नोव्हेंबर

ही वही घेतली त्याला बरेच दिवस झाले. रोज लिहायचं ठरवलं होतं आणि आजपर्यंत एक अक्षर लिहिलेलं नाही. आधी पेन चालेना. नवं पेन आणायला निघाले तर वाटेत एक रंगारी सायकलवरून लांबच लांब शिडी नेत होता. ती कोपऱ्यावर कशी वळवतो ते बघायला त्याच्या मागे मागे गेले आणि पेन राहिलं. मग पेन मिळालं तर लिहिण्यासारखं काही घडेना. आज तरी काय मोठं घडलंय? पण डोकं इतकं तापलंय की कुठेतरी ओतलंच पाहिजे. जिच्यावर ओतायचं ती आत्या इथे नाही, आणि कोंबड्यांना शिव्या देऊन झाल्या. त्या ऐकून घेतात आणि एक डोळा मिटतात.

आत्या तिच्या बहिणीकडे गेलीय, मोठ्या आत्याकडे, गुडघ्याच्या इलाजासाठी. असं आतोबा म्हणाले. मी तेव्हा पेट्रोल पंपावर कामाला होते. म्हणजे नव्हते, कारण मॅनेजरने मला सगळ्यांसमोर 'ए बावळट' म्हटलं आणि मी नळी तशीच लोंबकळत सोडून चालू पडले. घरी पोचते तर आतोबांचा बाबांकडे निरोप आलेला: भिंगरीला पाठवा, खोली आहे, दोन वेळचं जेवण आहे, हाताला धंदा शिकवतो, फक्त बायकोच्या कोंबड्या बघायच्या. भिंगरी मीच. एका जागी टिकत नाही म्हणून.

आतोबांना सगळे साउंडवाले म्हणतात. समारंभांना स्पीकर आणि भोंगे भाड्याने देतात, बिघडलेले दुरुस्त करतात. घराच्या मागे पत्र्याची शेड, तीच कार्यशाळा. आत तारांची भेंडोळी, कथलाचा वास, आणि कोपऱ्यात एकात एक घातलेले भोंगे, मोठ्या धोतऱ्याच्या फुलांसारखे. शेडपुढे अंगण, आणि अंगणात आत्याच्या सहा कोंबड्या.

पहिल्या आठवड्यात अंडीच अंडी! शेजारच्या शिवणकाकूच्या भिंतीला लागून, लिंबाच्या झाडाखाली खुराडं होतं, सकाळी झाकण उचललं की ऊन ऊन अंडी. मला वाटलं, हे तर काहीच नाही, आत्या उगाच एवढं करायची. मग आतोबा म्हणाले, लिंबाखालची जागा मला स्पीकरच्या खोक्यांना लागते, खुराडं शेडला लावून घे. मी एकटीने विटा हलवल्या, खुराडं ओढत आणलं. इतकं पक्कं बसवलं की आतोबासुद्धा म्हणाले, वा! भोंगे तपासायला त्यांना एक उंच, भक्कम बूड हवं होतं, खांब डुगडुगत होता. मीच म्हटलं, खुराड्याच्या छपरावर बसवू. माझी कल्पना. वर चढून नट मीच आवळले. आता आतोबा शेडमधून उठतसुद्धा नाहीत, बसल्या जागी माइक तोंडाला लावतात आणि भोंगा अंगणभर बोलतो.

आणि या महाराण्यांनी अंडी देणं बंद केलंय. काल दोन. आज एक. मी यांच्यासाठी उन्हात विटा वाहिल्या आणि या मला असं दाखवतात?

६ नोव्हेंबर

शून्य.

७ नोव्हेंबर

एक मिळालं. हातात घेतलं तर मऊ! कवचच नाही, नुसती कातडी, पाण्याच्या पिशवीसारखं. बोट रुतलं. किळस आली आणि मग संताप आला. अर्धवट काम करून माझ्या हातात देतात. मी शाळेत अशी गणितं द्यायचे.

८ नोव्हेंबर

शिवणकाकूने भिंतीवरून हाक मारली, "ए भिंगरी, तुझ्या आत्याचा फोन!"

माझा फोन बोटीतून पाण्यात पडला, ती वेगळी गोष्ट. (खरं तर चांगली गोष्ट आहे, त्यात एक बदक आहे, पण आज नको.) पण आत्या आतोबांच्या फोनवर का करत नाही? विचारलं तर आतोबा म्हणाले, तिला नंबर दाबता येत नाही. शिवणकाकूचा बरा दाबता येतो.

आत्याने मी कशी आहे तेसुद्धा विचारलं नाही. सरळ कोंबड्या.

"पाणी बदलतेस का?"

"हो."

"पिसं झडतायत का?"

"नाही गं. ठिपकीची दोन-चार."

"रात्री मुंगूस, मांजर?"

"कोणी नाही. आत्या, तू कधी येतेस? मला वैताग आलाय. दाणे टाका, घाण काढा, आणि बदल्यात ठेंगा."

"सोय लागली की बघते. इकडे ताईकडे अंगण नाही ना. एक जागा बघितलीय, अंगणासकट. बोलणं चाललंय."

गुडघ्याच्या इलाजाला अंगण कशाला लागतं कोण जाणे. चालायचा व्यायाम देत असतील. मी म्हटलं, तू म्हणशील ते सगळं करते, पण यांना झालंय काय ते तरी सांग. खुराडं तर मी केवढं छान हलवलंय.

"हलवलंस? कुठे?"

"शेडला लावून. वर भोंगापण बसवलाय, मस्त बसलाय."

मला वाटलं फोन कटला. हॅलो, हॅलो केलं. तेवढ्यात तिकडून एकदम म्हणाली, "असं नको म्हणूस." आणि खरंच ठेवला.

काय नको म्हणू? हॅलो? माणसाने फोनवर हॅलो म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आमच्या घराण्यातच तिरसटपणा आहे.

११ नोव्हेंबर

सगळ्या जगाला कोंबड्यांतलं कळतं. दाणेवाला म्हणाला, दिवस लहान झाले, उजेड कमी पडतो. मी खुराड्यात दिवा लावला. दुधवाली म्हणाली, खाणं कमी पडतं. मी शिंपले कुटून घातले. जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, घेऊन या. एका कोंबडीला काखोटीला मारून बसमधून नेलं (ती लंगडी, तिने कंडक्टरच्या बुटावर जे केलं ते लिहीत नाही). डॉक्टरने डोळे बघितले, पोट चाचपलं आणि म्हणाला, "जनावर धडधाकट आहे. घाबरलंय. घरात काही बदल झालाय का?" मी म्हटलं, बदल म्हणजे मी आलेय. तो म्हणाला, असू शकतं. असू शकतं! त्या माणसाला मी काय भूत दिसते? वाटेत इतकी चिडले की एक स्टॉप आधी उतरले.

रात्री जेवताना आतोबांना सांगितलं. त्यांना हसू आवरेना.

"खुडूक झाल्यात, अंडी सोडून नुसत्या बसून राहतात, दुसरं काय! तुझी आत्या नाही का, तिकडे बहिणीच्या घरात खुडूक होऊन बसलीय. कोंबडी एकदा खुडूक बसली की तिला पाण्यात बुचकळून काढायची, की येते भानावर."

आतोबा गोष्टी रंगवून सांगतात, ते खरं. एकदा म्हणे मोठं लग्नकार्य होतं, दहा भोंगे तपासायचे होते, गल्ली भरून माणसं उभी. आतोबांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "हॅलो हॅलो, वन टू थ्री, आमच्या घरी एक जुनी कोंबडी आहे, वीस वर्षं दाणे खातेय, एक अंडं दिलं नाही!" सगळी गल्ली खदाखदा. आत्या दारात ताट घेऊन उभी होती. "आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. गंमतच कळत नाही तिला. त्यानंतरच या कोंबड्या आणल्यान."

मी पण हसले. जेवणाच्या ताटावर हसले. मग हात धुताना एकदम वाटलं, आपण कशाला हसलो. आत्याला मूल नाही. पण ते जुनं झालं, आणि आतोबा मनाने वाईट नाहीत. मला काल सोल्डरिंग शिकवलं, बोट भाजलं तर मलम आणून दिलं. म्हणाले, "भोंगा म्हणजे नुसतं पत्र्याचं फूल. आवाज मागच्या युनिटमधल्या पडद्यात असतो. कागदापेक्षा पातळ. पडदा गेला की भोंगा मुका." पडदा कसा काढायचा ते पण दाखवलं. मला येतंय ते. पहिल्यांदा असं काही येतंय.

१५ नोव्हेंबर

चोर सापडला!!!

आज दुपारी शेडमधून बघते तर भिंतीवरून एक हात. बांगड्या, बोटात अंगुस्तान. शिवणकाकूचा हात! आत आला, खुराड्याकडे वळला, मागे गेला. मी तशीच धावत गेले.

"काकू, लाज नाही वाटत?"

मशीन थांबलं. काकू भिंतीवरून डोकावल्या, तोंडात टाचण्या. एक एक काढून उशीला खोचल्या आणि मग बोलल्या. "कशाची?"

"अंडी चोरायची!"

"कुठली अंडी?"

"तेच तर! कुठली राहिलीच नाहीत! तुमचा हात बघितला मी."

"बघितलास ना? आणि हातात काय होतं ते?"

"ते... नाही बघितलं."

"कोथिंबिरीची देठं होती, शहाणे. तुझी आत्या गेल्यापासून रोज टाकते. आधी भिंतीलाच खुराडं होतं, पडत होती नीट. आता तू नेऊन ठेवलंस त्या राक्षसाच्या तोंडाखाली, तर मला स्टुलावर चढावं लागतं या वयात."

"राक्षस म्हणजे माझे आतोबा?"

"मी भोंग्याला म्हटलं." आणि वर, "पण तुला जे वाटलं ते पण चालेल."

मी तोंडाला येईल ते बोलले. चोराच्या उलट्या बोंबा म्हटलं. आत्याचा संसार मोडायला टपलात म्हटलं, हे कुठून सुचलं मलाच माहीत नाही, आतोबा असंच काहीसं म्हणत असतात. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "तोंड तुझ्या आतोबांसारखं चालायला लागलंय हं, भिंगरे. भोंगा तेवढा बाकी आहे." आणि मशीन सुरू केलं, जोरात.

मला सगळे बोलतात आणि मी काय केलंय?

१६ नोव्हेंबर

खुराड्यापुढे कोथिंबिरीची देठं होती. सुकलेली पण आणि ताजी पण. माफी वगैरे मागणार नाही. अंडी शून्य.

२० नोव्हेंबर

आतोबा चिकनवाल्याला घेऊन आले. मला आधी सांगितलं नाही. चिकनवाला माणूस म्हणून बरा आहे, दाढीत हसतो, पण त्याने ठिपकीला उचलून छातीचं हाड असं दाबलं जसं काकू कापड दाबून बघतात. ठिपकीने माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

"अंडी नाहीत ना? मग वजनावर घेतो," तो म्हणाला.

"या रविवारी सकाळी ने सगळ्या," आतोबा म्हणाले. "शेड पुढे वाढवायचीय मला. अंगण अडवून बसल्यात फुकट्या."

मी मध्ये पडले. "आतोबा, आत्याच्या आहेत त्या."

"आत्याच्या आहेत तर आत्याने येऊन बघाव्यात. दाणे माझे खातात."

"तिचा गुडघा बरा झाला की येईल ना ती."

आतोबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खूपच लहान आहे. मग म्हणाले, "रविवारपर्यंत एक जरी अंडं दिलं यांनी, तर ठेवतो. चल, वचन. तुझी आत्या परत येणार असेल तर याच कोंबड्यांसाठी येईल, माझ्यासाठी थोडीच येणार आहे." आणि हसले. हे हसणं नेहमीचं नव्हतं.

म्हणजे कोंबड्या गेल्या तर आत्या येणार नाही. आणि हे त्यांना माहीत आहे आणि तरी ते विकतायत. म्हणजे काय? मला हे नीट कळत नाहीये आणि न कळल्याचाच जास्त राग येतोय.

कोंबड्यांना आज हात जोडले. खरंच जोडले. एक अंडं, बायांनो. नासकं चालेल.

२१ नोव्हेंबर

बॅग भरून ठेवली. नेहमीसारखं. बंदरावर काम मिळतंय म्हणे, जाळी दुरुस्त करायचं. मला दोऱ्याची कामं आवडतात. दुपारची बस आहे.

नंतर: गेले नाही. फाटकापर्यंत गेले होते. लंगडी मागे मागे आली. तिला वाटलं दाणे आहेत.

२३ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहिताना पेन कागदातून आरपार जातंय.

संध्याकाळी आतोबांकडे नवा अँप्लिफायर आला, मोठा. गल्लीत माणसं नेहमीचीच, न्हावी, इस्त्रीवाला, शाळेतून सुटलेली पोरं. मी खुराड्याजवळ वाकून घाण काढत होते. आतोबांनी शेडमधून माइक चालू केला.

"हॅलो, हॅलो, वन टू थ्री. ऐका हो ऐका. आमच्याकडे एक पाहुणी आलेली आहे. दहावी नापास. पेट्रोल पंपावरून पळालेली, बोटीवरून पळालेली, जिथे ठेवाल तिथून पळणारी. तिच्या आत्याच्या वळणावर गेलेली. कोंबड्यासुद्धा हिला भीक घालत नाहीत, हॅलो, चेक, चेक. रविवारी सकाळी आमच्या दारात ताज्या कोंबड्या. बिनअंड्याच्या. अगदी घरच्या बायकांसारख्या."

गल्ली हसली. इस्त्रीवाला इस्त्री खाली ठेवून हसला. मी मघापासून वाकलेलीच होते, आणखी वाकले. आवाज डोक्यावरूनच येत होता, पत्रा थरथरत होता, माझे दात वाजत होते. आणि तेव्हा खुराड्याच्या जाळीतून माझ्या तोंडासमोर त्या सहाजणी दिसल्या. जमिनीला चिकटलेल्या. माना आत, पंख आवळलेले, एकीवर एक चढून मागच्या कोपऱ्यात. जशी मी होते. तशीच्या तशी.

मला आठवलं, हे मी रोज बघितलंय. रोज "हॅलो" झालं की या दगड होतात. मला वाटायचं, आळशी आहेत, झोपल्यात.

आणि तो राक्षस त्यांच्या डोक्यावर मी बसवला. नट मी आवळले. शाबासकी मी घेतली.

सरळ शेडमध्ये गेले. म्हटलं, "आतोबा, तो भोंगा तिथून काढायचा."

"का गं? लागलं का? गंमत होती."

"त्या घाबरतात. म्हणून अंडी देत नाहीत."

"तुझ्या आत्यासारखंच बोलायला लागलीस. तिला पण माझा आवाज सोसायचा नाही. डोकं दुखतं म्हणायची, हातातून भांडी पडायची, नाटकं नुसती." आणि माइक तोंडाजवळ नेऊन, माझ्याकडे बघत, "हॅलो, भाचीबाई रागावल्यात!" बाहेर परत हशा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी बोलले नाही. असं पहिल्यांदाच झालं. आजवर मला राग आला की मी ओरडले तरी आहे नाहीतर पळाले तरी आहे.

२४ नोव्हेंबर

आतोबा माल पोचवायला गेले तेव्हा दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीदेखत खुराड्यावर चढले. युनिट फिरवून काढलं, स्क्रू सोडले, पडदा उचलला. त्यांनी शिकवलं तस्संच, कडेला नख न लावता. हातात घेतल्यावर वाटलं, एवढासाच? पापुद्रा आहे नुसता. मग शेडमध्ये जाऊन उरलेल्या सगळ्या भोंग्यांचे पण काढले, आणि कपाटातल्या नव्या पडद्यांचा डबा घेतला. इस्त्रीवाला विचारत होता, "काय गं, दुरुस्ती?" म्हटलं, "हो. मुळापासून."

डबा घेऊन भिंतीपाशी गेले. "काकू."

मशीन थांबलं. "चोरी सापडली का अजून कुठली?"

"सापडली. माझीच. हा डबा ठेवून घ्या. आणि... त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

काकूंनी डबा उघडला, एक पडदा उजेडात धरला. "हाच का तो? वीस वर्षं माझ्या भिंतीला तडे पाडले याने?" बटणांच्या डब्यांमध्ये त्यांनी तो डबा असा सरकवला की कोणाला सापडू नये. मग म्हणाल्या, "कालचं मी ऐकलं हं. सगळ्या गल्लीने ऐकलं. जिथे पोचवायचं तिथे पोचवलंय." कुठे पोचवलं विचारलं तर म्हणाल्या, "तू दाणे टाक आधी."

आतोबा आले. माइक घेतला, हॅलो म्हणाले. काही नाही. तारा हलवल्या. काही नाही. दुसरा भोंगा. काही नाही. मग त्यांना कळलं आणि ते अंगणात येऊन ओरडायला लागले. चोर म्हणाले, खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हणाले, उद्या सकाळी कोंबड्यांबरोबर तू पण निघ म्हणाले.

आणि मला काय दिसलं माहितीये? भोंग्याशिवाय त्यांचा आवाज केवढासा आहे! बारीक, चिरका. शिवणकाकूंनी पलीकडे मशीन जोरात चालवलं तर त्यात अर्धी वाक्यं बुडाली. ठिपकीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि परत माती उकरायला लागली.

म्हटलं, "निघते. पण कोंबड्यांना हात लावायचा नाही. आत्या येईपर्यंत."

"तुझी आत्या येत नाही, मूर्ख पोरी!" ते म्हणाले. "ती गुडघ्यासाठी गेलीय असं तुला खरंच वाटतं?"

मग काय गुडघा दुखत नाही तिचा? मग काय दुखतंय? मी विचारेपर्यंत ते आत निघून गेले आणि दार आपटलं.

२५ नोव्हेंबर, रविवार

खुराड्याला माझ्या बॅगचं कुलूप लावलंय, किल्ली मोज्यात. मी दारापुढे विटांवर बसून लिहितेय. हातात पाना आहे. काय करणार आहे त्याचं मला माहीत नाही. चिकनवाला बऱ्यापैकी उंच आहे.

सकाळी झाकण उचलून बघितलं. अंडं नाही. एका दिवसाच्या शांततेत अंडं कसं येईल म्हणा. वीस वर्षं... पण या कोंबड्या वीस वर्षांच्या नाहीत. मी कोणाचा हिशेब करतेय?

एक मात्र आहे, त्या आज कोपऱ्यात नव्हत्या. लंगडी आडव्या काठीवर चढून बसली होती, पाय पसरून, जशी आत्या दुपारी पायरीवर बसायची. बसायची का? मी लहान असताना बघितलंय तसं, आतोबा बाहेरगावी असले की.

आतोबा खिडकीतून दोनदा बघून गेले. एकदा म्हणाले, "अंडं दाखव आणि ठेव." मी म्हटलं, "अंडं नाही. आणि ठेवतेय." मला माझाच आवाज आवडला.

गल्लीत गाडीचा आवाज. आला वाटतं. टेम्पो आहे, मागच्या फाटकाशी थांबला. एवढ्या कोंबड्यांना टेम्पो कशाला आणला याने? पाना घट्ट धरलाय, म्हणून अक्षर असं येतंय. भिंतीवर शिवणकाकू स्टुलावर चढून उभ्या आहेत आणि हसतायत. यात हसण्यासारखं काय

चिकनवाला नाही.

आत्या आहे. टेम्पोच्या पुढच्या सीटवरून उडी मारून उतरली. उडी! फाटक पायाने ढकललं. बरोबर बॅग नाही, गाठोडं नाही, घरात राहायला येणारं माणूस आणतं तसं काहीच नाही. घराच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्याकडे चालत येतेय, भराभर, जराही लंगडत नाही, आणि दोन्ही हातांत एकात एक घातलेली रिकामी, जाळीची खोकी आहेत.

मी मोज्यातून किल्ली काढतेय.